चार घरांची एक चूल

बाजारातून घरी येणाऱ्या बाईच्या पिशवीत न विचारता हात घालणारं माणूस मी आयुष्यात एकच पाहिलं, आणि ते नेमकं आमची घरमालकीण निघालं.

लग्न होऊन मी महाडहून पनवेलला आले ती तक्का गावाच्या बाजूच्या चाळीत. चाळ म्हणायची एवढंच. एका ओळीत चार खोल्या, वर पत्रे, पुढे लांब पडवी, मागे सामाईक मोरी आणि एक शेवग्याचं झाड. पहिली खोली मालकीणबाईंची. उरलेल्या तिन्हींत आम्ही तीन बिऱ्हाडं. आम्ही दोघं, श्रीवर्धनकडच्या शबाना भाभींचं घर आणि सोलापूरच्या मंगलचं. तिघींचेही नवरे तळोज्याच्या एकाच केमिकल कंपनीत, एकाच ठेकेदाराकडे कामाला. एकाने दुसऱ्याला आणलं, दुसऱ्याने तिसऱ्याला, अशा त्या खोल्या भरल्या होत्या.

मालकीणबाईंना सगळे काकी म्हणायचे. माहेर उरणच्या बाजूच्या कोळीवाड्यातलं. वय पन्नाशीच्या पुढे, अंगाने सडसडीत, आवाज मात्र भर बाजारात वेगळा ऐकू येईल असा. नवरा लवकर गेला होता, मूलबाळ नव्हतं. तीन खोल्यांचं भाडं आणि भावाने धाडलेली सुकी मासळी विकून जे काय येईल ते, एवढ्यावर त्यांचं चालायचं. म्हणजे आमच्यापेक्षा त्या काही श्रीमंत नव्हत्या. फक्त त्यांच्याकडे बघून ते कळायचं नाही.

पहिल्याच आठवड्यात मी बाजार करून आले, तर काकी पडवीत बसलेल्या. "काय आनलास गो बाय?" म्हणाल्या, आणि मी उत्तर देईपर्यंत हात पिशवीत. टोमॅटो निघाले, फ्लॉवर निघाला, वेफर्सचं पाकीट निघालं, आणि शेवटी प्लास्टिकची एक फुलदाणी. ती त्यांनी उजेडात धरली.

"ही कशाला?"

"स्वस्त मिळाली, काकी."

"सस्त का म्हाग, ते नाय इचारला. कशाला, ते इचारला."

घरात फूल ठेवायला टेबल नव्हतं, आणि फुलंही नव्हती. काकींनी फुलदाणी अलगद माझ्या पिशवीत परत ठेवली, जशी काही ती आजारी होती. संध्याकाळी मी ह्यांना म्हटलं, आपण खोली बदलू. ह्यांनी विचारलं, एवढ्या भाड्यात दुसरी कुठे आहे? तिथे विषय संपला.

पण हळूहळू कळायला लागलं की ही बाई चोंबडी नाही. तिला खरंच उत्तर हवं असायचं. "कशाला" ह्या प्रश्नाला नीट उत्तर दिलं की ती खूश. शबाना भाभींनी एकदा पोरीसाठी महागाचा रंगांचा डबा आणला. मला वाटलं, आता बोलणी खातील. काकींनी विचारलं, "कशाला?" भाभी म्हणाल्या, "पोर चित्रं काढते काकी, हात चांगला आहे तिचा." काकींनी डबा उघडला, वास घेतला, आणि म्हणाल्या, "मंग यो बारका कशाला आनलास? मोठा आनायचा."

बाजाराला जाण्याच्या त्यांच्या रीती तर औरच. उपाशीपोटी बाजारात जाऊ द्यायच्या नाहीत. मी पिशवी घेऊन निघाले की आधी अर्धी भाकरी हातात. "भुकेल्या मानसाला सगलाच पायजे असतंय." मासळी बाजारात त्या कधीच भाव करत नसत. सगळ्या बायका हुज्जत घालत असताना काकी एखाद्या कोळणीशेजारी पाटावर बसायच्या, तिच्या सुनेचं बाळंतपण, भावाची होडी, सगळं विचारून व्हायचं. बाजार उतरणीला लागला, कोळणीला घराची ओढ लागली, की ती आपणहून म्हणायची, "ने गो, काय द्यायचा ते दे." मी म्हटलं, काकी, ही तुमची युक्ती. तर रागावल्या. "युक्ती कसली? ती दमलेली असतंय, मना येल असतंय, घाई नसतंय. दोगींचा भला."

आणि ह्याच काकी काही गोष्टींवर सढळ हाताने खर्च करायच्या. पायातली चप्पल चांगली भारीतली. "मी चालनार, रिक्षात नाय बसनार. मंग पायांना चांगला नको?" तांदूळ चांगला. आणि रोज संध्याकाळी केसांत मोगऱ्याचा गजरा. विधवा बाईने गजरा माळावा ह्यावर आळीत पुष्कळ कुजबुज व्हायची. एकदा मंगलच्या सासूने तोंडावर विचारलंच. काकी म्हणाल्या, "दिवसभर मी सगल्यांसाठी इच्यार करून खर्च करते. यो येक खर्च इच्यार न करता." सासूबाई पुढच्या खेपेला सोलापूरहून आल्या तेव्हा त्यांनी काकींसाठी शेंगदाण्याची चटणी आणली होती.

माझं पहिलं दिवाळं लग्नानंतर तिसऱ्याच महिन्यात वाजलं. पगार यायला अजून बरेच दिवस, आणि घरात काही नाही. मी काकींकडे गेले, थोडे पैसे मिळतील का विचारायला. त्या उठल्या, पण पैशाच्या डब्याकडे गेल्या नाहीत. माझ्या खोलीत आल्या आणि फळीवरचे सगळे डबे खाली काढले. एकात रवा. एकात पोहे. पाऊण डबा मसूर. कुळथाचं पीठ, जे मी आईने दिलं म्हणून ठेवलं होतं आणि विसरले होते. आमसुलं. कागदात गुंडाळलेले बोंबील. मागच्या दारात शेवग्याचा पाला. काकींनी सगळं जमिनीवर मांडलं आणि कमरेवर हात ठेवले.

"पगार येईतवर पुरंल एवढा हाय, आनि तू म्हनतंस घरान काय नाय?"

"पण ह्याचं करायचं काय?"

"ते माज्यावर सोड."

त्या आठवड्यात आम्ही काय काय खाल्लं! कुळथाचं पिठलं, मसुराची आमटी, पोह्यांचे वडे, शेवग्याच्या पाल्याची भाजी, भाजलेले बोंबील. हे तर विचारायला लागले, मला न सांगता माझा पगार वाढला का? तेव्हापासून आमच्या चाळीत दर महिन्याच्या शेवटी बाजार बंद. आधी डबे रिकामे करायचे, मग नवं भरायचं. सुरुवातीला ते नाइलाजाने चाललं. मग त्यात चुरस लागली, कोण कशाचं काय करतंय ह्याची. मंगलने एकदा उरलेल्या शेवयांचं थालीपीठ केलं. ते वाईट झालं होतं, पण सगळ्यांनी खाल्लं.

हप्त्यावर टीव्ही विकायला आलेला माणूस मला अजून आठवतो. ते दिवसच असे होते. आजूबाजूला खांदा कॉलनी, कामोठे भराभर वाढत होतं, आणि बॅग लटकवलेली पोरं दारोदार फिरून काय काय हप्त्यावर देत होती. हा मुलगा गोड बोलणारा होता. आम्ही तिघी पडवीत त्याच्याभोवती जमलो, आणि खरं सांगायचं तर तिघींचीही मनं विरघळली होती.

तो म्हणाला, "आत्ता अगदी थोडे भरायचे. बाकी दर महिन्याला जातील, तुम्हाला कळणारसुद्धा नाही."

काकी सुपात तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मंग ते धोक्याचा हाय रं. पैसा गेलेला मना कलला पायजे."

मुलगा हसला. म्हणाला, "काकी, आता सगळ्यांकडे रंगीत टीव्ही असतो."

"तुज्या घरान कंचा हाय?"

त्याचे कान लाल झाले. "आमच्याकडे जुना आहे. ब्लॅक अँड व्हाइट."

"रंगीत का नाय घेतलास?"

"हप्ते परवडत नाहीत, काकी."

आधी शबाना भाभींना हसू फुटलं, मग मंगलला, मग मला, आणि शेवटी तो बिचारा स्वतःच डोळे पुसत हसायला लागला. काकींनी त्याला भाकरी आणि सुकटीची चटणी खायला घातली. पुढे दोन दिवाळ्यांनी आम्ही तिन्ही घरांनी मिळून पडवीत एक रंगीत टीव्ही घेतला, रोख. तो त्याच मुलाने आणून दिला, आणि अँटेना लावायला पत्र्यावरही तोच चढला.

पण काकी काय चीज आहे ते आम्हाला खरं कळलं कंपनी बंद पडली तेव्हा.

पावसाळ्याच्या तोंडावरची गोष्ट. कंपनीच्या वासाबद्दल आसपासच्या वस्तीच्या तक्रारी वाढल्या, नोटीस आली आणि गेटला कुलूप लागलं. जे कायम कामगार होते त्यांना काहीतरी मिळत राहणार होतं. ठेकेदाराच्या माणसांना सांगितलं, बोलावू तेव्हा या. तिन्ही घरांचा पगार एका दिवसात थांबला. पुरुष पडवीत खाली मान घालून बसायला लागले. मुलांनाही काहीतरी समजलं असावं, ती भांडायचीसुद्धा बंद झाली.

एका दुपारी मंगल घाईघाईने बाहेर निघाली. काकी दारातच होत्या. सवयीप्रमाणे हात पिशवीत गेला आणि रुमालात बांधलेलं मंगळसूत्र बाहेर आलं. मंगलचा चेहरा पडला.

"गहाण ठेवते काकी. भाडं पण द्यायचंय तुमचं."

काकींनी रुमाल सोडला, मंगळसूत्र स्वतःच्या हाताने तिच्या गळ्यात घातलं आणि सगळ्यांना हाक मारली. पुरुषांनासुद्धा.

"तुमचा पगार थांबला म्हंजे माजा भाडा थांबला," त्या म्हणाल्या. "भाडा थांबला म्हंजे माजी बी चूल थांबली. चार घरांनी चार ठिकानी उपास काढन्यापरीस येक चूल पेटवू. ज्याच्या घरान जे हाय ते आना. कोनी किती आनला ते कोनी मोजायचा नाय."

ह्यांना ते आवडलं नाही. म्हणाले, "म्हणजे आम्ही लोकांच्या ताटात जेवायचं?"

"लोकांच्या कशाला? ताट तुजाच घेऊन ये."

शबाना भाभी अवघडून म्हणाल्या, "काकी, आमच्यात सगळं चालत नाही. आणि मंगलचा गुरुवार असतो."

काकींचा निकाल तयार होता. "कोंबडी-मटन तूच आनायचा, तुज्या दुकानातनं. गुरवारी मासा नाय. बाकीच्या दिवशी कोनी तोंड वाकडा करायचा नाय."

दुसऱ्या दिवसापासून पडवीत एक चूल पेटली. चार सिलिंडरच्या जागी एक, तोही फक्त चहा-दुधाला; बाकी लाकडावर. काकींच्या ओळखीने पेणच्या बाजूच्या एका शेतकऱ्याकडून तांदळाचं पोतं थेट आलं. काकींची सुकी मासळी विकायची बंद झाली आणि आमच्या कालवणात पडायला लागली. डोंगराकडच्या कातकरी बाया सकाळी टोपलीतून रानभाज्या घेऊन यायच्या, टाकळा, कुर्डू, भारंगी. त्यांच्याशीसुद्धा काकींनी कधी भाव केला नाही. उलट त्यांना चहा पाजून कोणती भाजी कशी करायची ते विचारून घ्यायच्या.

पहिले काही दिवस जड गेले. मंगलला भाभींच्या हातचं खायला संकोच, ह्यांना सगळ्यांसमोर बसायला लाज. काकींनी मग पंगत बदलली. पुरुषांना आधी वाढायचं सोडून सगळ्यांना एकदम बसवलं, मुलं मध्ये. मुलं मिटक्या मारून खायला लागली, आणि मोठ्यांचं अवघडलेपण आपोआप गेलं. महिनाभरात मंगलची मुलगी भाभींच्या हातच्या तांदळाच्या सांदणांशिवाय पानावरून उठायची नाही. एक दिवस भात कालवताना हे हळूच म्हणाले, "कंपनी चालू होती तेव्हा एवढं चांगलं जेवत नव्हतो आपण."

शबाना भाभी म्हणायच्या, "काकींच्या हातात बरकत आहे." मला वाटतं, बरकत हातात नव्हती. सगळं एका जागी आलं तेव्हा कळलं की आपल्याकडे वाटलं त्यापेक्षा जास्त आहे.

पुरुषांना पुढे करंजाड्याकडे, कामोठ्याकडे बांधकामावर रोजंदारी मिळायला लागली. त्यांचे डबे चुलीवरून जायचे. ह्यांचा डबा साइटवर उघडला की वास सुटायचा, शेजारचे हात पुढे यायचे. एकाने विचारलं, मला पण डबा मिळेल का? मग दुसऱ्याने. काकींनी टोप मोठा घेतला. "पंधरा मानसांचा शिजतंय, तर तीस जनांचा बी शिजंल. लाकडा तेवढीच लागतात."

मग स्लॅबचं जेवण आलं. इमारतीचा स्लॅब ओततात त्या दिवशी सगळ्या मजुरांना जेवण घालायची पद्धत आहे. ह्यांच्या साइटच्या कंत्राटदाराने निरोप पाठवला, चाळीतल्या बाया करतील का? आम्ही तिघी घाबरलो. काकींनी हो म्हणून टाकलं होतं.

शेजारच्या आळीतून भांडी आणली. तांदूळ, तेल रोख घेतलं. चार घरांत जे काही शिल्लक होतं ते त्यात गेलं. म्हणजे फसलं असतं तर आम्ही खरंच संपलो असतो. पहाटेपासून आम्ही भाकऱ्या थापत होतो. भात, डाळ, बटाट्याची रस्साभाजी, सुकटीची चटणी, आणि शेवटी गूळ-खोबऱ्याची खीर. खिरीचं कंत्राटदार बोललाच नव्हता. काकी म्हणाल्या, "स्लॅब वर चढवतात ती पोरा. त्यांना गोड नको?"

काँक्रीटचा मिक्सर मध्येच बंद पडला, काम लांबलं, जेवायला बसेपर्यंत ऊन उतरलं. पण जेवण असं झालं की मजूर बोटं चाटत होते. कुणीतरी बिहारचा म्हातारा गवंडी काकींच्या पाया पडला.

मग कंत्राटदार आला. म्हणाला, "छान झालं काकी. अर्धे आत्ता घ्या, उरलेले पुढच्या महिन्यात."

काकी म्हणाल्या, "बरा." आणि कंत्राटदाराच्या ऑफिसात, म्हणजे साइटवरच्या पत्र्याच्या केबिनमध्ये, जाऊन खुर्चीत बसल्या. "मंगल, घरनं वालाचा टोप आन गो. उद्याचा वाल सोलायचा हाय."

घरी मोड आलेले वाल भिजत होते. मंगलने टोप आणला. आम्ही चौघी केबिनमध्ये जमिनीवर फतकल मारून वाल सोलायला बसलो. रिकामे टोप दारात. सालं जमिनीवर. तो रविवार होता; फ्लॅटही कंत्राटदारच विकायचा, आणि रविवारी ते बघायला गिऱ्हाईकं त्याच केबिनमध्ये यायची. एक कुटुंब आलं, सासू, सून, नवरा. काकींनी तोंड भरून स्वागत केलं.

"या, बसा. घर बगायला आलात? चांगला हाय. मालक जरा पैसे आनायला गेलेत आमचे, येतील. तवर वाल सोला."

सासूबाई खरंच बसल्या! वाल बघून त्यांना राहवलंच नाही. म्हणाल्या, "किती दिवसांनी असे टपोरे वाल बघितले," आणि बिरडं कसं करायचं ह्यावर त्यांची आणि काकींची चर्चा सुरू झाली. मागून दुसरं कुटुंब आलं, तेही दारात टोपांपाशी उभं राहिलं. कंत्राटदाराने बाहेरून हे सगळं पाहिलं. त्याचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा, आणि मग तो हसला. पाकीट काढलं, उरलेले सगळे पैसे काकींच्या हातात ठेवले.

"काकी, हात जोडतो. आणि उद्यापासून माझ्या माणसांचं दुपारचं जेवण तुमचंच."

"रोज रोख?"

"रोज रोख."

काकींनी सालं पदरात गोळा केली, केबिन स्वतः झाडली आणि सासूबाईंना ओंजळभर वाल बांधून दिले. घरी येताना आम्ही रस्त्याने इतक्या मोठ्याने हसत होतो की लोक वळून बघत होते. मंगल टोप डोक्यावर घेऊन नाचली. मग अर्ध्या वाटेत काकींनी पहिल्यांदाच आम्हाला रिक्षात बसवलं.

कंपनी काही महिन्यांनी सुरू झाली. ठेकेदाराने पुरुषांना बोलावलं, ते गेलेही. पण चूल बंद झाली नाही. डबे वाढत गेले. कुणाला कर्ज नाही, कुणाचं काही गहाण नाही, आणि काकींना थांबलेलं भाडं सगळ्यांनी मिळून एकदम दिलं तेव्हा त्या अर्धा दिवस रुसून बसल्या होत्या. शबाना भाभींची मुलगी पुढे चित्रकलेच्या कॉलेजला गेली. माझी मुलगी शिकते आहे. मंगलने नवीन पनवेलला लहानसं का होईना, स्वतःचं घर घेतलं. काकी काही वर्षांपूर्वी गेल्या, झोपेतच, कुणाला त्रास न देता.

पण मला त्या आठवतात त्या खानावळीच्या पहिल्या दिवशीच्या. आम्ही चौघींनी मिळून स्टँडच्या बाजूला एक छोटा गाळा भाड्याने घेतला होता. टेबलं मांडली, भिंतीला रंग दिला, पाटी लावली. काकींना गल्ल्यावर बसवायचं ठरलं होतं. त्या आल्या, नवं लुगडं नेसून, आणि गल्ल्याकडे न जाता सरळ पुढच्या टेबलाशी जाऊन बसल्या. शेजारी एसटीचे दोन कंडक्टर जेवत होते.

"काकी, तिकडे कशाला? इकडे या ना," मी म्हटलं.

"मी गिऱ्हाईक हाय. काय काय हाय ते सांग."

मी पाटीवरचं सगळं वाचून दाखवलं. त्यांनी नीट ऐकलं आणि त्यातलं सगळ्यात महाग ताट मागवलं. तळलेलं पापलेट, कोळंबीचं कालवण, तांदळाची भाकरी, सोलकढी. शबाना भाभींनी स्वतः तळलं. मंगलने वाढलं. मी पाण्याचा तांब्या भरून ठेवला. काकी मांडी घालून खुर्चीवर बसल्या आणि अगदी सावकाश जेवल्या. जन्मभर चुलीपाशी दुसऱ्यांना वाढलेली ती बाई काटा न काटा बाजूला काढत, कुणाची घाई नसल्यासारखी जेवत होती. आम्ही तिघी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून बघत होतो. कंडक्टरसुद्धा हात थांबवून बघायला लागले.

जेवण झालं. काकींनी हात धुतले, कमरेची पिशवी सोडली, पुरते पैसे टेबलावर ठेवले आणि सगळ्या खानावळीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "पोरींनो, येवडा चांगला जेवन मी पनवेलान कवा जेवले नाय."